इम्युनोथेरपी आणि मी दिलेलं एक खोटं उत्तर

डॉक्टर मॅडमनी रिपोर्टचा कागद माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीखाली पेनाचं टोक ठेवलं. "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर आहे, ताई."

मी पहिली शिफ्ट करून थेट आले होते. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, गळ्यात कानात घालायच्या बुचांची दोरी तशीच लटकत होती. शेजारी आमचे हे बसलेले. त्या क्षणी काय वाटलं, असं लोक विचारतात. खरं सांगते, मला वाटलं रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा असणार. चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला आहे, लेबलांची अदलाबदल किती सहज होते ते मला चांगलं माहीत आहे.

मॅडमनी विचारलं, तंबाखू खाता का? मी ठामपणे नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तेव्हा हे जमिनीकडे बघत म्हणाले, "मिश्री लावती ती. ल्हानपनापासनं."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. आमच्या चाकणच्या आजूबाजूच्या गावांत बायका सकाळी उठल्यावर ती बोटावर घेऊन दातांना लावतात. मग जेवण झालं की पुन्हा, डोकं चढलं की पुन्हा. एखादीला तंबाखू खाणारी म्हणून बघा, भांडण होईल. मिश्रीला मात्र कुणी नावं ठेवत नाही, ती दात घासण्यातच धरतात. मी खोटं बोलत नव्हते. मला ती तंबाखू आहे हे खरोखरच कधी वाटलं नव्हतं.

डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला होता, तिखट झोंबत होतं, तोंड पूर्ण उघडत नव्हतं. चार महिने मी सगळं खापर दाढेवर फोडलं. दुसऱ्यांच्या मालातली केसाएवढी चीर मला हातभरावरून दिसते. स्वतःच्या तोंडातला चट्टा मी आरशात बघायची आणि आरसा ठेवून द्यायची. हे लिहायची लाज वाटते, पण वाचणाऱ्या एखादीच्या गालात तसाच चट्टा असेल तर तिने आज दाखवून यावं, म्हणून लिहिते. मिश्रीची डबी रिपोर्टच्या दिवशीच उकिरड्यावर गेली.

ऑपरेशन दिवसभर चाललं. गालाचा आतला भाग, जबड्याच्या हाडाचा तुकडा आणि मानेतले लिम्फ नोड्स काढले. लिम्फ नोड्स म्हणजे मानेत, काखेत असतात त्या बारीक गाठी. मॅडमनी सांगितलं की त्या प्रतिकारशक्तीच्या चौक्या असतात आणि तोंडाचा कॅन्सर पसरायला निघाला की आधी तिथे पोचतो. गालाच्या जागी माझ्याच मनगटाची कातडी बसवली. आमची मुलगी वैशाली म्हणाली, "आई, स्वतःच्या हातानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलीस." ती मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, आयटीत आहे. हसता येत नव्हतं, तरी हसले, टाके ताणले गेले.

त्यानंतर रेडिएशन, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. मशिनखाली पाच-दहा मिनिटं पडायचं, दुखत काही नाही. दुखतं ते नंतर. तोंड आतून सोलवटलं, थुंकी डिंकासारखी झाली, जिभेची चव गेली. नाकातून पोटात नळी घातली होती, तिला राईल्स ट्यूब म्हणतात. वैशाली तेव्हा आमच्याकडे येऊन राहिली होती, त्या नळीतून ती मला नाचणीची पेज भरवायची. ते दिवस सरले. चव अर्धीमुर्धी परत आली आणि मी कामावर रुजू झाले. उभं राहायचं काम झेपेना म्हणून सुपरवायझरनी मला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं.

दहा महिन्यांनी अंघोळ करताना कानाच्या खाली बोटाला शेंगदाण्याएवढं काहीतरी लागलं. या वेळी आरसा ठेवून दिला नाही, दुसऱ्याच दिवशी गेले. बायोप्सी झाली, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला. कॅन्सर परतला होता. स्कॅनमध्ये फुफ्फुसातही एक ठिपका दिसला. मॅडम म्हणाल्या, आता कापून उपयोग नाही. हे बाहेर जाऊन उभे राहिले, दहा मिनिटांनी आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता.

मॅडमनी गाठीच्या त्याच तुकड्यावर आणखी एक तपासणी करून घेतली, पीडी-एल-वन. ती काय असते ते त्यांनी मला कागदावर गोल काढून समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या एका प्रकाराला टी-सेल म्हणतात. या टी-सेल अंगभर हिंडून प्रत्येक पेशी तपासतात, ही आपली की परकी, धड की बिघडलेली. बिघडलेली सापडली की तिला मारतात. आपल्या चांगल्या पेशी त्यांना एक खूण दाखवतात, 'मी आपलीच आहे, पुढे जा.' ती खूण म्हणजे पीडी-एल-वन. कॅन्सरच्या काही पेशी लबाड असतात, त्या तीच खूण अंगावर आणतात. टी-सेल जवळ येते, खूण बघते आणि पुढे निघून जाते.

मी म्हणाले, "मॅडम, म्हणजे खराब पीसनं स्वतःच हिरवा ठिपका लावून घेतलाय."

त्यांना कळेना. मग मी सांगितलं. आमच्याकडे पार्ट आला की गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावायचं, बघायचं आणि बरोबर असेल तर हिरव्या मार्करने ठिपका द्यायचा. ठिपका असलेला पीस पुढे कुणी पुन्हा तपासत नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार.

मॅडमनी सुचवलेली इम्युनोथेरपी म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीकडून कॅन्सर मारून घ्यायचा उपचार. तिचं औषध तो ठिपका पुसत नाही. ते तपासणाऱ्याला ठिपका दिसेनासा करतं. मग तो ठिपक्यावर विश्वास न ठेवता एकेक पीस नीट हातात घेऊन बघतो, लबाड पेशी सापडते आणि मारली जाते. माझ्या गाठीत ती खूण भरपूर होती, म्हणून औषध लागू पडायची आशा होती. खात्री नव्हती. मॅडम खात्रीचं बोलतच नाहीत, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर भरवसा बसला.

आमच्या थोरल्या जाऊबाई गुळवेलीचा काढा घेऊन आल्या होत्या, प्रतिकारशक्ती वाढायला. त्यांचा जीव आहे माझ्यावर. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमची शक्ती कमी पडलेली नाही, ताई. ओळख पटत नव्हती, एवढंच. काढा नको." जाऊबाई चार दिवस रुसल्या.

पुढचं मॅडमनी दोनदा सांगितलं आणि कार्डावर लिहूनही दिलं. ती खूण चांगल्या पेशीही वापरतात. ती दिसेनाशी झाली की तपासणारा चांगले पीसही फेकायला लागू शकतो. आतड्यावर उलटला तर जुलाब होतात, फुफ्फुसावर उलटला तर धाप लागते, कातडीवर पुरळ येतं, थायरॉईड मंदावतं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करायचा. वैशालीने कार्ड फ्रिजवर चिकटवलं.

दर तीन आठवड्यांनी आम्ही पिंपरीला हॉस्पिटलच्या डे-केअरला जायचो. नाशिक रोडवरच्या कोंडीचा अंदाज घेऊन सकाळी लवकर निघायचं. डे-केअर म्हणजे दिवसापुरता भरती होण्याचा विभाग. आधी रक्त तपासायचे, मग सिस्टर एक यादी घेऊन प्रश्न विचारायच्या आणि मग सलाईनसारखी बाटली लावायच्या. तास-दीड तासात मोकळं. केमोथेरपीसारखे केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत. खर्चाचं मी इथे लिहीत नाही, तो ज्याचा त्याला समजतो.

तिसऱ्या बाटलीनंतर स्कॅन झाला. गाठ निम्म्याहून कमी झाली होती. मला ते स्कॅनच्या आधीच ठाऊक होतं. रोज अंघोळीला मी बोट लावून बघायचे, शेंगदाण्याचा हरभरा झाला होता आणि हरभऱ्याची मुगाची डाळ. त्या दिवशी यांनी रस्त्यात गाडी थांबवून पेढे घेतले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं, ते म्हणाले, "लग्नात मला बी न्हाई."

त्याच आठवड्यात जुलाब सुरू झाले.

पहिल्या दिवशी तीन वेळा. मी म्हटलं, पेढे बाधले. दुसऱ्या दिवशी चार, म्हटलं टँकरचं पाणी. मग पाच. कार्ड फ्रिजवर होतं, दूध काढताना रोज डोळ्यांसमोर यायचं. मी फोन केला नाही.

का नाही केला, हे मला नीट सांगायचं आहे. आमच्या लाइनवर ठरावीक अंतरावर लाल बटणं आहेत. दोष दिसला की बटण दाबायचं, सगळी लाइन थांबते. भिंतीवरच्या पाट्या म्हणतात, बिनधास्त दाबा. पण दाबल्यावर सुपरवायझर धावत येतो, शिफ्टचं प्रॉडक्शन पडतं आणि चाळीस माणसं तुमच्याकडे बघतात. म्हणून बहुतेक जण हळूच पार्ट बाजूला ठेवतात आणि पुढे जातात, पुढच्या शिफ्टचं पुढची शिफ्ट बघेल. मी तसं कधी केलं नाही. माझ्या पाठीमागे मला 'बटणवाली' म्हणायचे आणि मला त्याचा तोरा होता. नवीन पोरींना मी उभं करून सांगायचे, लाइन थांबली तरी चालेल, खराब पीस पुढे जाता कामा नये.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. माझ्या अंगात लाइन चालू होती. गाठ रोज विरत होती. फोन केला असता तर औषध थांबवलं असतं, आणि थांबवलं की गाठ पुन्हा वाढणार, असं मी मनाशी धरून बसले होते. मला मरायचं नव्हतं. मी तो एक पार्ट हळूच बाजूला ठेवला आणि पुढे गेले.

चौथ्या बाटलीच्या दिवशी सिस्टरांनी यादी काढली. धाप? नाही. पुरळ? नाही. जुलाब? नाही. आवाज अगदी सरळ निघाला. खाली सही केली. तपासणीच्या कागदांवर सह्या करण्यात माझी हयात गेली आहे, पण खोट्यावर केलेली ती पहिली. बाटली लागली.

आठ दिवसांत मी दिवसाला दहा-बारा वेळा जायला लागले. मग रक्त पडलं. तेव्हाही मी यांना मूळव्याध म्हणाले. शेवटी एका सकाळी ओट्यापाशी उभी होते ती थेट जमिनीवर. वैशाली त्या दिवशी घरून काम करायला आमच्याकडेच आली होती, तिने गाडी काढली. वाटेत ती एकदाच बोलली, "आई, कार्ड कुठं लावलं होतं मी?"

कोलायटिस होता. म्हणजे मोठ्या आतड्याची सूज. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा आतडं आतून लाल आणि जखमांनी भरलेलं निघालं. जंतू नव्हते, माझ्याच पेशींनी ते केलं होतं. शिरेतून स्टिरॉइड सुरू केले. स्टिरॉइड म्हणजे उधळलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध.

मॅडम संध्याकाळच्या राउंडला आल्या. आवाज चढवला नाही. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही तपासणीचं काम करता. मला चुकीचा रिपोर्ट का दिलात?"

मला आयुष्यात कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं. मी म्हणाले, औषध बंद केलं असतं तुम्ही. त्या म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर थोडे दिवस थांबवून, गोळ्या देऊन कदाचित पुन्हा सुरू करता आलं असतं. आता नाही. आता ते कायमचं बंद. पुन्हा दिलं तर आतडंच फाटू शकतं.

त्या गेल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं. ज्याच्यासाठी खोटं बोलले तेच गेलं होतं, आणि माझ्या हाताने गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे डबा घेऊन आले. मऊ भात, वर ताक. चमचा हातात धरून बसले आणि भरवेनात. मग म्हणाले, "मला ठावं व्हतं."

मी उशीवरून मान उचलली.

"संडासची कडी वाजली की मी मोजायचो. पेढ्यांचं न्हाई, पान्याचं न्हाई, समदं कळत व्हतं. म्हनलं इचारलं तर तू डॉक्टरीनबाईला सांगशील अन् त्या औषध बंद करतील. म्हून गप बसलो." चमचा त्यांनी डब्यात ठेवला. "तुला काय झालं असतं तर मी कुनाला त्वांड दाखवलं असतं?"

यांचा मला राग यायला हवा होता. आला नाही. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला कधी प्रेमाचं बोलला नाही, आणि माझ्या जाण्याला तो माझ्याइतकाच घाबरून कडीचे आवाज मोजत बसला होता. मी रडले, तेही रडले, शेजारच्या बेडवरच्या आजींनी पडदा ओढून घेतला. मग भात खाल्ला.

अकरा दिवसांनी घरी आले. स्टिरॉइडने तोंड भोपळ्यासारखं सुजलं, भूक अशी की वैशाली आली की बिस्किटांचे पुडे लपवायची. गोळी एकदम बंद करायची नसते, आठवड्या-आठवड्याने कमी करत न्यायची असते. ते मात्र मी कॅलेंडरवर खुणा करून काटेकोर पाळलं. नंतर थायरॉईड मंदावलं, त्याची गोळी आता रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर.

पण खरा घोर वेगळाच होता. मी मॅडमना विचारलं, औषध बंद, वर स्टिरॉइडने आवरून धरलं, मग आता गाठीला कोण अडवणार? त्या म्हणाल्या, "एकदा ओळख पटली की काही जणांच्या पेशी ती विसरत नाहीत, औषध थांबल्यावरही काम करत राहतात. काहींच्या विसरतात. तुमचं काय होईल ते मला आज माहीत नाही. तीन महिन्यांनी बघू."

ते तीन महिने मी मानेला बोट लावलं नाही. अंघोळीला हात तिकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचे. स्कॅनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो आणि तिघंही मोबाईलमध्ये बघत होतो, यांच्या मोबाईलची तर बॅटरीही संपलेली. आत बोलावलं. मॅडमनी आधीचा आणि आताचा असे दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. गाठ होती तेवढीच होती, वाढली नव्हती. फुफ्फुसातला ठिपका शोधून दाखवावा लागत होता.

त्यालाही आता वर्ष होत आलं. बरी झाले असं मी म्हणत नाही, मॅडमही म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी स्कॅन, त्याच्या आधीचे चार दिवस घरात कुणी धड जेवत नाही. मधले दिवस मात्र माझे आहेत. अळणी का होईना चव लागते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, यांच्याशी भांडते. मॅडमचे, सिस्टरांचे उपकार आहेत. लेकीचे तर बोलूच नये, ती पुन्हा कार्डाचा विषय काढेल. जे औषध मला झेपलं नाही त्याचेही आहेत.

यातून जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की अंगात जे होईल ते त्याच दिवशी सांगा. ते आपण ठरवायचं नसतं.

गेल्या खेपेला रक्त तपासायला द्यायला डे-केअरमध्ये बसले होते. समोरच्या खुर्चीत खेडकडचे एक गृहस्थ, साठीचे, डोक्यावर टोपी, मानेवर रेडिएशनचा काळसर डाग. शेजारी त्यांची बायको पिशवी मांडीवर घेऊन. बाटली लावायची होती. सिस्टर यादी वाचत होत्या. धाप? न्हाई. पुरळ? न्हाई. जुलाब? न्हाई. सिस्टर सही घेऊन बाटली आणायला गेल्या. बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मी माझी खुर्ची पुढे ओढली. "दादा, किती वेळा जाता?"

त्यांनी टोपी सारखी केली. "तुमाला काय करायचंय?"

बायको हळूच म्हणाली, "सकाळधरनं चार डाव झालं. चार दिस झालं असंच चाललंय."

"तू गप," ते तिच्यावर उखडले. मग माझ्याकडे वळले, आवाज एकदम खाली आला. "बाई, गाठ उतारतीय माजी. ह्यांनी औषध बंद केलं तर म्या काय करू?"

"पटकन सांगितलं तर बंद होईलच असं न्हाई. मी सांगितलं न्हाई, माझं कायमचं बंद झालं. गेल्या वर्षी."

"मंग?"

"मंग काय. बसलेय की तुमच्या म्होरं."

त्यांनी माझा वाकडा गाल बघितला. मानेवरचा ऑपरेशनचा वण बघितला, तो कानापासून गळ्यापर्यंत आहे. सिस्टर बाटली घेऊन आल्या, स्टँडला अडकवायला हात वर केला, तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "सिस्टर, ती यादी जरा परत आना."